विजेचें युनिट व उष्णतेचें माप

चिकूच्या फोडी विजेच्या शेगडीवर वाळविणें परवडेल काय, असा प्रश्न डहाणू रोडकडील बागाईतदारांस पडणें साहजिक आहे. त्याचें उत्तर गणितानेंच काढावें, असें आम्हांस वाटतें.

एक किलोवॉटची शेगडी एक तास चालली म्हणजे एक युनिट खर्च होतें. त्यापासून सुमारें ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. म्हणून किलोकॅलरींस ८६० नें भागिलें असतां युनिटें येतात, व युनिटांस ८६० नें गुणिलें असतां किलोकॅलरी येतात.

उदाहरणार्थ, १०० किलो फोडींतून ७० किलो पाणी घालवावयाचें आहे. दर किलो पाण्यास सुमारें ६०० किलोकॅलरी धरल्यास एकंदर ४२,००० लागतील. म्हणजे ४९ युनिटें. गरम हवेबरोबर वायां जाणारी उष्णता निराळीच. या आंकड्यास आपल्या विजेच्या दरानें गुणून पाहावें.

शिवाय, डहाणूस आहे तशा कोळशाच्या विद्युत्केंद्रांत ८६० किलोकॅलरींची वीज काढण्यास सुमारें २,३०० किलोकॅलरींचा कोळसा जळतो. सूर्य तीच उष्णता फुकट देतो. अर्धें पाणी उन्हानें घालविल्यास २५ युनिटांतच काम भागेल. यास्तव ऊन असेल तेव्हां उन्हांत वाळवावें, व आभाळ आल्यासच शेगडी लावावी, अशी आमची सूचना आहे.