ताई सांगते, आधी आकडा बघ

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ऑफिसच्या जेवणात एकच ग्लास घेतला तरी घरी येईपर्यंत डोकं जड झालेलं असतं. वाइन सोडूनच देऊ का?" सोडायची असेल तर खुशाल सोड. त्यासाठी कुणाला कारण द्यायची गरज नाही. पण तुला तिची चव मनापासून आवडते हेही मला ठाऊक आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

वाइन घेताना लोक विचारतात, लाल की पांढरी, आणि जेवायला मटण आहे की मासे. मी सगळ्यांत आधी विचारते, हा कार्यक्रम चालणार किती वेळ? जितका वेळ बसायचं, तितका बाटलीवरचा आकडा लहान हवा. तो आकडा सापडायला थोडा वेळ लागतो. बाटली हातात घेऊन फिरव, लेबलाच्या खालच्या कोपऱ्यात किंवा पाठीमागे बारीक अक्षरांत टक्के लिहिलेले असतात. स्पेनची किंवा दक्षिण इटलीची लाल वाइन असेल तर तिथे सहज १४ दिसेल, कधी १४.५. जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या रीसलिंग या पांढऱ्या वाइनवर ८ किंवा ८.५ सापडतो.

तुझ्या फ्रँकफर्टच्या हॉटेलांत ग्लासवर एक बारीक रेघ कोरलेली असते, तिथपर्यंत २०० मिलिलिटर भरतात. १४ टक्क्यांची वाइन असेल तर त्यातली २८ मिलिलिटर निव्वळ अल्कोहोल. ८ टक्क्यांची असेल तर १६. ग्लास तेवढाच, दिसायलाही तसाच, पण पोटात जाणारी गोष्ट जवळपास निम्मी. तुझं डोकं जड होतं त्यात तुझ्या नाजूकपणाचा काही संबंध नाही, हे हिशेबानेच कळतं. आणि १०० मिलिलिटरचा छोटा ग्लासही मागता येतो, बहुतेक ठिकाणी मेनूवर दोन्ही भाव लिहिलेले असतात.

आता मोझेलबद्दल नीट ऐक, कारण ती तुझ्यासाठी खरी सोय आहे आणि तुझ्या घरापासून फार लांबही नाही. नदीच्या दोन्ही काठांना पाटीच्या दगडाचे उभे चढ आहेत, इतके उभे की बऱ्याच मळ्यांत अजून माणसांनीच हाताने काम करावं लागतं. हवा थंड, द्राक्ष सावकाश पिकतं, त्यात साखर बेताची आणि आंबटपणा भरपूर. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं, म्हणजे मुळात साखर कमी तर अल्कोहोलही कमी. त्यातून काबिनेट नावाच्या प्रकारात सगळी साखर संपायच्या आतच आंबवणं थांबवतात. थोडा गोडवा मागे राहतो, आणि आंबटपणामुळे तो पाकासारखा चिकट लागत नाही. पिकलेल्या सफरचंदाचा, लिंबाच्या सालीचा वास येतो. फक्त एक बघ, लेबलावर काबिनेटच्या शेजारी 'ट्रोकन' लिहिलं असेल तर साखर जवळजवळ सगळी आंबलेली आहे. ती वाइन कोरडी आणि आकडाही ११-१२ च्या आसपास. तुला हलकी हवी असेल तर ट्रोकन नसलेली उचल.

आणि ही वाइन आपल्या जेवणाबरोबर जितकी जमते तितकी दुसरी कुठलीच जमत नाही, असं माझं ठाम मत आहे. अल्कोहोलने तिखट आणखी पेटतं. तांबड्या रश्श्यावर १४ टक्क्यांची लाल वाइन घेतली की घशात नुसती आग आग होते. काबिनेटचा गोडवा त्या तिखटावर फुंकर घालतो आणि तिचा आंबटपणा तेलाचा तवंग कापतो. कोळंबीचं कालवण, सुरमईची तुकडी, अगदी कांदाभजी, कशाहीबरोबर घे.

पण गोड म्हणजे हलकी असं मात्र समजू नकोस. हा गैरसमज आपल्याकडे फार आहे, कारण गोव्याहून येताना गोड पोर्ट वाइनची बाटली आणायची आणि 'बायकांना चालते' म्हणून घरात द्यायची, ही रीत जुनी. पोर्तुगालच्या खऱ्या पोर्टमध्ये आंबवणं अर्ध्यावर असताना द्राक्षाचंच कडक मद्य ओततात. त्याने यीस्ट मरतं, साखर राहते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या घरात जातं. गोडवा जिभेला कळतो, आकडा जिभेला कळत नाही. म्हणून डोळ्यांनी वाचायचा.

दुपारच्या वाढदिवसाला, फळं किंवा साधा केक असेल तेव्हा, इटलीतल्या पिएमोंतेची मोस्कातो दास्ती आण. पाच-साडेपाच टक्के, बारीक बुडबुडे आणि ताज्या द्राक्षांचा घमघमाट. गुलाबजामबरोबर नको, पाकापुढे ती फिकी पडते. पिझ्झा मागवून मैत्रिणी जमल्या असतील तर थंडगार लाम्ब्रुस्को, गोडसर घेतलीस तर आठच्या आसपास. उन्हाळ्यात गॅलरीत बसायला पोर्तुगालची विन्यो वेर्दे घे, नऊ-दहा टक्क्यांची सहज मिळते.

ऑफिसच्या लोकांबरोबर फ्रँकफर्टच्याच साक्सेनहाउझेन भागात गेलीस तर वाइनची यादी मागूच नकोस. सफरचंदाची वाइन माग, तिथले लोक एबेलवॉय म्हणतात ती. करड्या मातीच्या, निळ्या नक्षीच्या पोटफुग्या सुरईत येते, तो बेम्बेल. ग्लासवर तिरप्या चौकटींची नक्षी असते, ती बोटांना खरखरीत लागते आणि ग्लास निसटत नाही. साडेपाच-सहा टक्के. पहिल्या घोटाला दात आंबतील, तिसऱ्या घोटाला आवडायला लागेल. तरीही जड वाटली तर त्यात सोडा घालून माग, तो तिथला रोजचा प्रकार आहे, कुणी वळूनही बघणार नाही. साध्या पांढऱ्या वाइनलाही हेच लागू. निम्मी वाइन, निम्मा सोडा, म्हणजे शोर्ले. १२ टक्क्यांची वाइन सहावर येते आणि संध्याकाळभर हातात ग्लास राहतो.

दोन ठिकाणी मात्र सांभाळ. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुकानात फेडरवाइसर दिसेल, गढूळ पांढरट, अजून आंबत असलेली वाइन. झाकण मुद्दाम सैल असतं, म्हणून पिशवीत आडवी ठेवलीस तर सगळी पिशवी भिजेल. चवीला रसासारखी लागते आणि घटाघटा जाते, पण ती चार टक्क्यांपासून सुरू होऊन दिवसागणिक चढत जाते. कांद्याच्या केकबरोबर एक ग्लास, बस. दुसरी गोष्ट डिसेंबरच्या नाताळ-बाजारातली गरम ग्ल्यूवाइन. गरम केली म्हणून अल्कोहोल उडून जातं हे खोटं आहे. ती उकळत नाहीत, आणि नियमाने तिच्यात कमीत कमी सात टक्के असावंच लागतं. थंडीत कुडकुडत, रिकाम्या पोटी दोन मग घेऊ नकोस. आधी काहीतरी खा.

गाडी तुझ्याकडे असेल त्या दिवशी मात्र हलकी-भारी असा विचारच नको, काहीच घ्यायचं नाही. नव्याने परवाना मिळालेल्यांना पहिली दोन वर्षं जर्मनीत शून्याचीच मर्यादा आहे. औषधं चालू असतील, बाळाचा विचार चालू असेल, तरी शून्य. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की दारूची अमुक एक मात्रा सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही. कमी अल्कोहोल म्हणजे कमी धोका, धोकाच नाही असं नव्हे, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. अशा दिवशी बिनअल्कोहोलची फसफसणारी वाइन घे. साधी बिनअल्कोहोलची मला पाणचट लागते, बुडबुड्यांनी तिला जरा अंग येतं.

नाशिकला जाशील तेव्हा तिथली शेनिन ब्लाँ जरूर चाख, पण आकडा बघून. आपल्याकडे द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, उन्हात साखर भराभर भरते, त्यामुळे तिथली वाइन बहुधा बारा-तेराच्या घरात असते. छोटा ग्लास घे, बाजूला पाणी ठेव.

तुझ्याकडच्या दिवाळीच्या जेवणाचं म्हणशील तर सहा जणांना काबिनेटच्या दोन बाटल्या पुरतात. आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये टाक. सोड्याच्या चार बाटल्या आणि आईसाठी कोकम सरबत. चकली मी घेऊन येते, तू रस्सा तेवढा कमी तिखट कर.