शूर, धीर आणि कणखर

चंदीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये उच्च न्यायालय, सचिवालय व विधानसभा यांच्या इमारती आहेत. वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिए यांनी योजलेल्या या वास्तुसमूहाचा २०१६ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. गिलावा न केलेल्या काँक्रीटच्या या भिंती ऊनपाऊस सोसत उभ्या आहेत. त्यांना ‘कणखर’ म्हणता येते, ‘शूर’ म्हणता येत नाही. असे का?

‘कणखर’ म्हणजे आघात सोसूनही न खचणारा. हा गुण खडकात, देहात आणि मनातही असू शकतो. शौर्यासाठी मात्र धोका ओळखून पुढे जाणारे मन लागते. १६६० मध्ये बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंडीत विजापूरचे सैन्य रोखून धरले व ते धारातीर्थी पडले. हे शौर्य होय.

धैर्याला शस्त्र लागत नाही. सावित्रीबाई फुले १८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकवू लागल्या, तेव्हा वाटेत त्यांच्यावर शेण व दगड फेकले गेले. तरीही पाऊल पुढे टाकणे हे धैर्य. रोज टाकत राहणे हा कणखरपणा.

संसार सांभाळून पुन्हा वही हाती घेणाऱ्या स्त्रीला लोक ‘कणखर’ म्हणतात. पण ‘लोक हसतील’ हे भय तिने ओलांडले असेल, तर ‘धीराची’ हा शब्दही तिच्या हक्काचा आहे. नुसते ‘कणखर’ म्हटल्याने तिचे सोसणे दिसते, तिचा निर्णय दिसत नाही.

पाठगत प्रश्न
१. ‘कणखर मन’ आणि ‘कठोर मन’ यांतील फरक सांगा.
२. ‘धीर’ शब्द वापरून दोन वाक्ये लिहा.