आधी तेल तपास, मग मिथेनॉल उघड

वडखळ नाक्यावरचा वडेवाला बायोडिझेलसाठी तेल देतो म्हणाला म्हणून लगेच कॅन भरून आणू नकोस. आधी त्याची कढई बघ. संध्याकाळी उरलेलं तेल काढून ठेवतो, की दुसऱ्या दिवशी त्यातच नवं ओततो? नुसते वडे-भजी तळतो, की बोंबील आणि मांदेलीही त्याच कढईत? मासळीचं पाणी तेलात उतरतं, आणि बायोडिझेलला पाण्याचंच सगळ्यात मोठं वावडं. एवढं बघून घे, पण तेवढ्यावर तेल पास करू नकोस. काळं ते वाईट आणि पिवळं ते चांगलं, हे खाण्यापुरतं ठीक आहे. आपल्याला रंग नाही, आम्ल मोजायचं आहे. दिसायला काळंकुट्ट तेल कधी हलक्या आकड्याचं निघतं आणि सोनेरी दिसणारं साबणाचा लगदा करून ठेवतं.

मोठ्या हॉटेलांच्या मागे लागू नकोस. एफएसएसएआयने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलाला हद्द घातली: त्यातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते खाण्यातून बाद. दिवसाला ५० लिटरच्या वर तेल वापरणाऱ्यांना १ मार्च २०१९ पासून नोंदवही ठेवावी लागते आणि जुनं तेल अधिकृत संकलकालाच द्यावं लागतं. चांगलंच आहे ते. नाहीतर हेच तेल स्वस्तात फिरून पुन्हा एखाद्या गाडीवरच्या कढईत जायचं. तुझ्या तळ्यावरच्या एका इंजिनाला टपरीवाल्यांचं तेल पुरे. विकण्याचा विचार मात्र मनातही आणू नकोस. विक्रीला परवानगी लागते, आणि आयएस १५६०७ या मानकात बसणारं इंधन घरच्या पिंपात होत नाही.

तेल घरी आलं की फडक्यातून गाळ आणि काही दिवस हलवू नकोस. बेसनाचा चुरा, पाणी, मीठ सगळं तळाशी बसतं. वरून काढ, तळाचं राहू दे. मग पाण्याची परीक्षा. स्टीलच्या पळीत थोडं तेल घे आणि तापव. तडतडलं की पाणी आहे. नुसतं ऐकून भागवायचं नसेल तर सोनाराच्या काट्यावर तेल तोल, १२० अंशांपर्यंत तापव, निवल्यावर पुन्हा तोल. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी. असलं तेल तापवून, पाणी काढूनच पुढे घ्यायचं.

आता खरी चाचणी. एक लिटर डिस्टिल्ड वॉटर घे. बॅटरीत घालतात ते चालतं, नळाचं नको. त्यात बरोबर एक ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळव. इथे घाई करावीच लागते. खारेपाटातल्या हवेत कॉस्टिकचा डबा उघडा राहिला की त्याला पाणी सुटतं, आणि मग काट्यावर तू कॉस्टिक तोलत नसतोस, आपल्या खाडीची हवा तोलत असतोस. पावसाळ्यात तर झाकण उघडायचं, तोलायचं, लावायचं. केलेलं पाणीही बुचाच्या बाटलीत ठेव. ते हवेने हळूहळू निर्बळ होतं, म्हणून अधूनमधून नवं कर.

छोट्या काचेच्या ग्लासात दहा मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल घे आणि फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब टाक. तेल घालण्याआधी अल्कोहोललाच कॉस्टिकच्या पाण्याचा एखादा थेंब देऊन हलकं गुलाबी करून घे, म्हणजे त्याचं स्वतःचं आम्ल मोजणीत येणार नाही. बरेच जण हे गाळतात आणि आकडा चुकला की तेलाला दोष देतात. मग सुई काढलेल्या सिरिंजने एक मिलिलिटर तेल घाल. ग्लास गरम पाण्यात धर, तेल मिसळू दे. दुसऱ्या सिरिंजने कॉस्टिकचं पाणी थेंब थेंब सोड आणि ग्लास फिरवत राहा. गुलाबी येईल, जाईल, पुन्हा येईल. पंधरा सेकंद टिकली की थांब. किती मिलिलिटर गेलं ते लिहून ठेव. तीनदा कर, तिन्ही आकडे जवळजवळ आले तरच विश्वास ठेव.

फिनॉल्फथॅलीन मिळालं नाही तर हळद आहे. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, त्याच गुणावर हे चालतं. घरी कुटलेली हळद अल्कोहोलमध्ये भिजवून गाळून घे. बाजारच्या पुडीत कुठला रंग असेल सांगता येत नाही. पिवळ्याचं तांबडं झालं की थांबायचं. मात्र हळद फिनॉल्फथॅलीनपेक्षा थोडी आधी रंग बदलते, म्हणून एकच काहीतरी धर.

हिशेब सोपा आहे. नव्या तेलालाही लिटरमागे साडेतीन ग्रॅम कॉस्टिक लागतंच. त्यात तुझा आकडा मिळव. आकडा अडीच आला तर लिटरला सहा ग्रॅम, वीस लिटरच्या कॅनला एकशेवीस. पोटॅशचं गणित वेगळं असतं, ते यात मिसळू नकोस. कॉस्टिक कमी पडलं तर तेल कच्चं राहतं, जास्त झालं तर साबण. आकडा पाचाच्या वर गेला तर ते तेल बाजूला ठेव. आपल्या करंजाच्या तेलाचंही तेच: दिव्याला उत्तम, पण आम्ल बहुधा इतकं जास्त की या साध्या पद्धतीला दाद देत नाही.

आकडा कॅनवरच खडूने लिही. दोन दुकानांचं तेल एकत्र ओतलंस तर पुन्हा मोज. मग आधी एक लिटरचाच घाणा काढ.

आता जरा घाबरून राहण्याची गोष्ट. घाण्यात तेलाबरोबर लागणारं मिथेनॉल घेणं आणि साठवणं परवान्याच्या कक्षेत येतं, ते आधी नीट कर. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, ते विष हेच. त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही. काम उघड्यावर, चष्मा आणि हातमोजे घालून. कॉस्टिकला जर्मलचं पातेलं चालत नाही. कॉस्टिक जर्मलला खातं आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. स्टील घे.

लिटरभर झालं, ग्लिसरीन खाली बसलं, की वरचं थोडं बाटलीत घे, तेवढंच पाणी घाल आणि जोरात हलव. अर्ध्या तासात दोन स्वच्छ थर झाले तर ठीक. मध्ये पांढरी साय राहिली तर साबण जास्त आहे किंवा तेल कच्चं आहे. नेमकं कुठलं, ते दुसरी परीक्षा सांगते: २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ३ मिलिलिटर तयार बायोडिझेल घालून हलव. तळाशी तेलाचा थेंब बसला तर कच्चं राहिलंय, ते इंजिनात घालू नकोस. ही परीक्षा वीस-बावीस अंशांची आहे. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी केलीस तर कच्चं तेलही विरघळून जाईल आणि तुला वाटेल जमलं. बाटली आधी बादलीतल्या गार पाण्यात ठेव. माठाच्या आसपास मात्र नको.