धुलाईशास्त्र : प्रॅक्टिकल क्रमांक एक

उद्देश : लेडीज होस्टेलसाठी दुसरं वॉशिंग मशीन कोणतं घ्यावं ते ठरवणे.
उपकरणे व साहित्य : एक जुनं सेमी-ऑटोमॅटिक मशीन, बोअरचं पाणी, सव्वाशे मुली आणि आठवड्यातला एकच रविवार.

मंडळी, जर्नलं लिहून लिहून हात असाच वळतो, त्याला माझा इलाज नाही. आता साध्या भाषेत सांगते. यंदा होस्टेल कमिटीकडे मशीनसाठी पैसे मंजूर झाले आणि मीटिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांत एकमत झालं, "फ्रंट लोडच घ्यायचं!" गोल काचेतून कपडे फिरताना दिसतात, एकदा बटण दाबलं की आपण मोकळ्या. त्यावर रेक्टर मॅडम म्हणाल्या, "एवढ्या इंजिनीअर होताय ना, मग आकडे काढून दाखवा." मेकॅनिकलची म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात पडलं. वही घेतली आणि कोण कपडे कसे धुतं ते विचारत खोल्याखोल्यांतून फिरले.

हा विषय एवढा जिव्हाळ्याचा असेल असं वाटलं नव्हतं! व्हायव्हाला तोंड न उघडणाऱ्या मुली कपड्यांवर अर्धा-अर्धा तास बोलल्या. ई अँड टीसीची एक ताई शनिवारी जेवून आली की कपडे बादलीत भिजवते आणि सकाळी साडेपाचला मशीनपाशी पहिली. टायमर फक्त सहा मिनिटांचा. म्हणते, "कपडे भिजण्यातच निम्मे धुतले जातात, मशीन नुसतं घुसळतं." केमिकलची एक जण मशीनला हातच लावत नाही. गीझरचं कोमट पाणी, मोजून एक चमचा पावडर, कॉलरवर ब्रश, संपलं. कॉम्प्युटरच्या आमच्या शेजारणीकडे तीन आठवड्यांचे कपडे साठतात. मग ते ठासून भरायचे, पावडर डोळे मिटून ओतायची आणि पंधरा मिनिटांचा टायमर दोनदा फिरवायचा. शेवटी "मशीनच बेकार आहे" हा निष्कर्षही तिचाच. सिव्हिलवाल्यांचे सर्व्हे कॅम्पचे कपडे तर स्वतंत्र प्रकरणच. त्या माती वाळू देतात, झटकतात आणि मगच पाण्यात घालतात. माझ्या मते होस्टेलमधली सगळ्यात शहाणी सवय हीच, कारण जी माती कोरडीच निघून गेली तिला पाणीही लागत नाही आणि पावडरही.

या सगळ्या तऱ्हांना एका आकृतीत बसवणारा माणूस होऊन गेलाय. हेंकेल या जर्मन कंपनीतल्या हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये मांडलं की कपडा स्वच्छ होतो तो चार गोष्टींनी : रसायन, घर्षण, तापमान आणि वेळ. एक वर्तुळ काढा, त्याचे चार तुकडे करा. एक तुकडा लहान केला की बाकीच्यांनी ती जागा भरून काढायची. (योगायोग असा की त्याच वर्षी आपल्याकडे 'सर्फ' बाजारात आलं. 'निर्मा' आली १९६९ मध्ये.) आमची ताई वेळ मोठा करते म्हणून तिला घर्षण कमी लागतं. केमिकलवाली तापमान वाढवते. शेजारीण फक्त रसायन वाढवते, आणि त्यातच तिची फसगत होते. जास्त पावडर म्हणजे जास्त फेस. त्या फेसाच्या गादीवर कपडे एकमेकांवर घासलेच जात नाहीत. वर तो फेस काढायला आणखी दोन पाणी लागतात ते वेगळंच.

आमचं पाणी बोअरचं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. अशा पाण्यात साध्या साबणाचा चोथा होतो आणि तोच कपड्यावर करडा थर होऊन बसतो. डिटर्जंट पावडर इथे बरी, कारण तिच्यात पाण्याचा जडपणा कमी करणारे घटक असतात. म्हणून गावी नगरपालिकेच्या पाण्याला एक चमचा पुरत असेल तर इथे दीड लागेल, चार नव्हे! शिवाय पावडरीत एन्झाइम असतील तर त्यांना अर्धा-पाऊण तास द्या. घामातली प्रथिनं तोडायचं त्यांचं काम पळापळीत होत नाही. रात्रभर मात्र भिजवू नये, असं माझं ताईंशी नम्र भांडण आहे. निदान रंगीत कपडे तरी नकोच.

तापमानाचं गणित तर अकरावीतलं. समजा हीटर असलेल्या मशीनमध्ये १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायचंय. १५ × ४.१९ × ३५ म्हणजे सुमारे २२०० किलोज्यूल, म्हणजेच ०.६ युनिट. तेच ४० अंशांवर थांबलात तर पाव युनिट. रोजच्या कुर्त्यांना साठ अंश कशाला हवेत? चादरी, टॉवेल, आजारी पडलेल्या मुलीचे कपडे यांना ठेवा.

मेसच्या आमटीचा डाग हा मात्र सिनरसाहेबांच्या वर्तुळाबाहेरचा. पिवळ्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि फर्स्ट इयरची मुलगी किंचाळते. घाबरू नका. हळदीतलं कर्क्युमिन लिटमससारखाच रंग बदलतं, फक्त ते अल्कलीत लाल होतं. खळबळून काढलं की पुन्हा पिवळं. ते कितीही घासलं तरी पूर्ण जात नाही, पण उन्हात टिकत नाही. नेहमीसारखं धुवा आणि ओला कपडा डागाची बाजू वर करून कडक उन्हात टाका. एक-दोन दुपारींत डाग पुसट होत जातो. घराघरांतल्या आज्यांना हे ठाऊक आहे, आपण मात्र ब्लीच ओतून कपड्याचीच वाट लावतो.

आता मशीनकडे वळते. सेमी-ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या टबाला आपण 'ड्रायर' म्हणतो खरं, पण तो काही वाळवत नाही. तिथे हीटर नाही, नुसती गरगर. आमच्या टोपलीची त्रिज्या १२ सेंटिमीटर आणि प्लेटवर लिहिलेला वेग मिनिटाला १३०० फेरे. ओमेगा येतो १३६, त्याचा वर्ग गुणिले त्रिज्या म्हणजे २२०० च्या वर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सव्वादोनशे पट! २४ सेंटिमीटर त्रिज्येचा फ्रंट लोड ड्रम १००० फेऱ्यांनी फिरला तर २७० च्या आसपास. म्हणजे आपलं जुनं धूड या बाबतीत फारसं मागे नाही.

या ड्रायरचा खरा उपयोग शेवटी नाही, मध्ये आहे. समजा तीन किलो कपडे साबणाच्या पाण्यातून नुसते निथळून काढले, तर त्यांच्यात सहा लिटर साबणपाणी उरतं. ते ४० लिटर चांगल्या पाण्यात घातले तर साबण १३ टक्क्यांवर येतो. पण आधी ड्रायरमध्ये फिरवून दोनच लिटर शिल्लक ठेवलं, तर तेच ४० लिटर पाणी साबण ५ टक्क्यांच्याही खाली नेतं. म्हणजे खळबळण्याआधी पिळा! हे मी आमच्या खोलीत सांगितलं तेव्हा केमिकलवाली म्हणाली, "हे आमचं एक्स्ट्रॅक्शन आहे, तुमचं नाही." असो, श्रेय तिला.

तिनेच पुढचं सुचवलं, काउंटर-करंट. तिघींनी गट करायचा. एकदा भरलेल्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी वर्कशॉपचे बॉयलर सूट. एकीचे कपडे ड्रायरमध्ये असताना दुसरीचे टबात. कॉम्प्युटरवाल्यांनी याला पाइपलाइनिंग म्हणावं. मग पाणी बदलून तिघींचं पहिलं खळबळणं, परत बदलून दुसरं. आणि हे दुसरं पाणी सोडायचं नाही. ते जवळजवळ स्वच्छ असतं, त्यातच पावडर टाकून पुढच्या गटाने धुवायला सुरुवात करायची.

दोन रविवार घड्याळ लावून बसले. एका गटाला सव्वा तास लागतो. सकाळी सहा ते रात्री आठ धरले तर अकरा गट, तेहतीस मुली. पहिला गट सोडला तर प्रत्येक गटाला नवीन पाणी दोनच टब, ऐंशी लिटर, म्हणजे डोई सत्तावीस लिटर. सात किलोचं फ्रंट लोड एका फेरीला साधारण ५५ लिटर घेतं. दोघींनी कपडे एकत्र टाकले तर डोई तेवढंच पडतं. पण कॉटनची फेरी धरा दोन तासांची, म्हणजे दिवसाला सात फेऱ्या, चौदा मुली. त्यातही एकमेकींच्या कपड्यांत कपडे घालायला किती जणी तयार होतील ते तुम्हीच सांगा.

फ्रंट लोडची बाजू मांडलीच पाहिजे. ते पंख्यासारख्या पल्सेटरवर कपडे घुसळत नाही, उचलून आपटतं, त्यामुळे कपडे जास्त टिकतात. आपल्यात ओढण्यांचा जो दोरखंड होतो तो तिथे कमी होतो. (त्यावर जाळीची पिशवी हा सत्तर-ऐंशी रुपयांचा उपाय आहेच.) आणि तिथे उभं राहावं लागत नाही. घरी चार माणसांसाठी घ्यायचं असतं तर मीही तेच घेतलं असतं. पण रांगेत उभ्या सव्वाशे जणींमध्ये अशाही आहेत ज्या तीन कुर्त्यांवर सेमिस्टर काढतात. रविवारी नंबर लागला नाही तर सोमवारी लेक्चरला काय घालायचं, हा त्यांचा प्रश्न आहे. म्हणून माझं मत दुसऱ्या सेमीला. दोन मशीनवर सहासष्ट जणींचं रविवारी होतं आणि उरलेल्यांचं आठवड्यातल्या संध्याकाळी.

मशीनइतकीच दोऱ्यांची मागणीही कमिटीने लावून धरावी. पावसाळ्यात खोलीत वाळलेल्या कपड्यांना जो कुबट वास येतो, त्यामागे मोराक्सेला नावाचा जिवाणू असल्याचं जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. कपडा जितका वेळ ओला राहील तितकं त्याचं फावतं. त्यामुळे जून ते सप्टेंबर ड्रायर दोनदा फिरवा, कपडे एकमेकांना चिकटवून टांगू नका आणि कॉरिडॉरमधला बंद पडलेला पंखा दुरुस्त करायला इलेक्ट्रिशियन काकांच्या मागे लागा. तो पंखा दोऱ्यांच्या बरोबर वर आहे. अर्जावर माझी सही झाली आहे, कागद मेसच्या नोटीस बोर्डाखाली ठेवलाय, पेन मात्र आपापलं आणा.