पुढचे टायर रुंद केले तर?

भौतिकशास्त्राच्या तासाला एका कॅडेटने मला विचारले, "सर, स्पोर्ट्‌स कारला पुढेही मागच्याइतकेच रुंद टायर बसवले, तर ती वळणावर रस्ता जास्त घट्ट धरेल ना?" प्रश्न चांगला आहे. आकडेमोड करूनच पाहू.

होंडा एस-२००० ही १९९९ ची गाडी घ्या. पुढे २०५/५५ आर १६, मागे २२५/५० आर १६. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के; शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. आता पूर्ण व्यास काढा. पुढचा ६३१.९ मि.मी., मागचा ६३१.४. फरक अर्ध्या मिलिमीटरचा! म्हणजे उंचीची अडचण नाही. (टायर मडगार्डला घासतो का, हे स्टीअरिंग पूर्ण वळवून पाहावे लागतेच.)

खरी गोम वेगळीच आहे. वळणावर पुढच्या चाकांची पकड आधी सुटली, तर गाडी बाहेरच्या बाजूला सरकते. ॲक्सिलरेटर थोडा सोडला की बहुधा सावरते. मागची आधी सुटली, तर गाडी गर्रकन फिरते. ओल्या रस्त्यावर सावरायला क्षणही मिळत नाही. म्हणून कारखान्याने मागची पकड जास्त ठेवलेली असते. नुसते पुढचे टायर रुंद केले, की ही शिल्लक आपण खर्चून टाकतो. वर गाडी एकदम चपळ वाटू लागते, हे आणखी फसवे.

२००४ च्या सुधारित मॉडेलमध्ये होंडाने रिम १७ इंची केले आणि टायर बदलले: पुढे २१५, मागे २४५. पुढे १० वाढवले, तर मागे २०.