मोबाइलवरील संकेतस्थळ आणि शोधयंत्र : वनजिल्ह्यांतील वैद्य व औषधालयांसाठी

चिकित्सालयाचे वा औषधालयाचे संकेतस्थळ हा आता केवळ प्रतिष्ठेचा विषय राहिलेला नाही. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत तर तो रुग्णाच्या पदरच्या पैशांचा विषय आहे. भामरागडहून गडचिरोलीस यावयाचे तर दीडशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. पर्लकोटेला पूर आला की तो मार्गही खुंटतो. इतक्या दुरून आलेल्या रुग्णास दाराला कुलूप दिसले, तर त्याची दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे दोन्ही बुडतात. निघण्यापूर्वी मोबाइलवर खरी माहिती मिळाली असती, तर हे टळले असते. म्हणून संकेतस्थळ कसे असावे, ते शोधणाऱ्यास कसे सापडावे आणि त्यावर काय लिहू नये, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. मोबाइल हेच मुख्य दार

आपल्यापैकी अनेकांची संकेतस्थळे संगणकाचा रुंद पडदा डोळ्यांसमोर ठेवून तयार झाली. २०१६ नंतर स्वस्त डेटा खेडोपाडी पोहोचला आणि पुष्कळ कुटुंबांनी संगणक घरी येण्याआधीच मोबाइलवर इंटरनेट पाहिले. शोधयंत्रांनीही ही दिशा ओळखली. गूगलने २१ एप्रिल २०१५ पासून मोबाइलवरील शोधात मोबाइलसुलभ पानांना झुकते माप देण्यास आरंभ केला. पुढे पानाची पारख करताना त्याचे मोबाइलवरील रूपच प्रमाण मानले जाऊ लागले. ५ जुलै २०२४ नंतर तर मोबाइलवर मुळीच न उघडणारे संकेतस्थळ गूगलच्या सूचीत घेतले जात नाही.

मोबाइलसुलभ पानाची लक्षणे साधी आहेत. मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप मांडला जावा. अक्षरे बोटांनी मोठी न करता वाचता यावीत. बटणे एकमेकांस चिकटलेली नसावीत. दूरध्वनी क्रमांकावर बोट ठेवताच फोन लागावा. संकेतस्थळ करून देणाऱ्याकडून या चार गोष्टी समोर बसून तपासून घ्याव्यात.

२. पानाची मात्रा

औषधाची मात्रा आपण रुग्णाचे बल पाहून ठरवतो. पानाची मात्रा नेटवर्कचे बल पाहून ठरवावी. एखाद्या ठिकाणी सेकंदाला २०० किलोबिट इतकाच वेग मिळतो असे धरू. कॅमेऱ्यातून काढलेले ४ मेगाबाइटचे एक छायाचित्र त्या वेगाने उतरण्यास सुमारे १६० सेकंद लागतील. तेच छायाचित्र १०० किलोबाइटपर्यंत लहान केले, तर ४ सेकंद पुरतात. पहिल्या प्रसंगी रुग्ण पान सोडून जातो. दुसऱ्या प्रसंगी तो वेळापत्रक वाचतो. पानातील मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा आहे. सरकती चित्रे आणि आपोआप सुरू होणारे चलचित्र काढून टाकले, तर निम्मे काम झाले असे समजावे. गूगलच्याच ‘पेजस्पीड इनसाइट्स’ या मोफत साधनावर पानाचा वेग व त्यातील दोष पाहता येतात.

३. निघंटूंचा धडा

शोधयंत्रास अनुकूल लेखन म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. एका द्रव्याची अनेक नावे नोंदवून ठेवण्याची रीत आपल्या निघंटुकारांनी केव्हाच घालून दिली आहे. भावप्रकाश निघंटूत गुडूचीस अमृता, मधुपर्णी, छिन्नरुहा अशी पर्यायनामे दिलेली आहेत. आपल्या जिल्ह्यांत तीच वनस्पती गुळवेल म्हणून ओळखली जाते, हिंदी भाषक तिला गिलोय म्हणतात, तर सिरोंच्याकडील तेलुगू भाषक तिप्पतीगा म्हणतात. ज्या पानावर केवळ ‘गुडूची’ असे लिहिले आहे, ते ‘गुळवेल’ शोधणाऱ्याच्या दृष्टीस पडेलच याची शाश्वती नाही.

हाच न्याय लक्षणांना लागू आहे. रुग्ण ‘आम्लपित्त’ शोधत नाही, ‘छातीत जळजळ’ शोधतो. ‘मलावष्टंभ’ शोधत नाही, ‘पोट साफ होत नाही’ असे म्हणतो. २०१७ पासून मराठीत बोलूनही गूगलवर शोध घेता येतो, त्यामुळे बोलीतील शब्दांचे महत्त्व अधिकच वाढले आहे. शास्त्रीय संज्ञा जरूर द्यावी, परंतु तिच्या शेजारी रुग्णाचा शब्दही द्यावा. प्रत्येक विषयास स्वतंत्र पान करावे आणि त्यास अर्थपूर्ण शीर्षक द्यावे. ‘मुखपृष्ठ’ या शीर्षकातून काहीच कळत नाही. ‘आयुर्वेद चिकित्सालय, ब्रह्मपुरी : पंचकर्म व औषधे’ यातून सर्व कळते.

मात्र एकच शब्द पन्नास वेळा घालणे हा अतियोग होय. शोधयंत्रे त्यास लबाडी मानतात. पानाच्या आड दडवलेल्या शब्दांच्या यादीचा गूगल क्रम ठरवताना विचार करीत नाही, हे त्या कंपनीने २००९ मध्येच जाहीर केले आहे. ‘पहिला क्रमांक हमखास’ असे सांगून पैसे मागणाऱ्यांपासूनही सावध राहावे. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही.

४. अक्षरांचा प्रश्न

अनेक औषधालयांची माहितीपत्रके कृतिदेव वा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टंकलिखित केलेली असतात. त्यांतील मजकूर जसाच्या तसा संकेतस्थळावर चिकटवला, तर डोळ्यांना मराठी दिसली तरी यंत्रापुढे निरर्थक चिन्हेच येतात. तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. माहितीपत्रकाचे छायाचित्र टाकून काम भागवू नये. वेळ, पत्ता व औषधांची नावे अक्षरांतच असावीत.

५. पत्ता व वेळ

गूगलवरील व्यवसायाची नोंद विनामूल्य असून नकाशावर पत्ता, दूरध्वनी व वेळ दाखवते. तेथील वेळ, संकेतस्थळावरील वेळ आणि दारावरची पाटी या तिन्हींत एकवाक्यता हवी. सुटी, शिबिर वा परगावी जाणे असल्यास नोंद आदल्या दिवशीच बदलावी. त्या नोंदीतूनच तयार होणारी आयती संकेतस्थळे गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली आहेत. ज्या औषधालयांनी तो पत्ता पिशव्यांवर छापला असेल, त्यांनी तो त्वरित बदलावा.

६. काय लिहू नये

औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ आपणा सर्वांस बंधनकारक आहे. मधुमेह, कर्करोग, अपस्मार, पक्षाघात, स्थौल्य, मूतखडा इत्यादी त्याच्या अनुसूचीतील विकारांवर अमुक औषध घ्यावे, अशी जाहिरात करण्यास त्यात मनाई आहे. जाहिरातीच्या व्याख्येत प्रकाश वा ध्वनी यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही येते. तेव्हा मोबाइलचा पडदा त्यातून सुटतो, असे समजून चालू नये.

कायद्याहूनही मोठे कारण रुग्णाचे आहे. ‘मधुमेह मुळापासून बरा’ हे वाक्य वाचून एटापल्लीच्या आतील गावातल्या रुग्णाने चालू इन्सुलिन सोडले, तर त्याचा जीव धोक्यात येतो, आणि तेथून रुग्णालय जवळ नसते. म्हणून पानावर आहार-विहार, पंचकर्माची पूर्वतयारी आणि कोणत्या लक्षणात विलंब न करता रुग्णालय गाठावे, हे लिहावे. खाली वैद्याचे नाव, पदवी व नोंदणी क्रमांक असावा. औषधनिर्मात्याने उत्पादन परवान्याचा क्रमांक द्यावा. आरोग्यविषयक पानांच्या बाबतीत लेखक कोण व त्याचा अधिकार काय, यास शोधयंत्रेही महत्त्व देतात.

पुढील अंक हाती येण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने एक साधा प्रयोग करावा, अशी आमची विनंती आहे. एखाद्या जुन्या मोबाइलवर, वायफाय बंद करून, गावाबाहेर जेथे नेटवर्क क्षीण असते तेथे उभे राहून स्वतःचे संकेतस्थळ उघडावे. पान किती वेळात दिसते, फोन लागतो का, वेळ बरोबर आहे का आणि लिहिलेला प्रत्येक शब्द रुग्णासमोर बसून आपण उच्चारू शकू का, एवढे तपासावे. चारही उत्तरे समाधानकारक असतील, तर शोधयंत्रासाठी वेगळे फारसे काही करावे लागणार नाही.