शेवट ठाऊक असूनही

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. वाचनालयातून अजूनही प्रेमकादंबऱ्या आणते आणि नातवाच्या कपाटातला फास्टर फेणेही सोडत नाही. प्रेमिकांचं लग्न होणार, फेणे संकटातून सुटणार, हे आधीच ठाऊक असतं. तरी पुस्तक खाली ठेववत नाही. असं का? मुलगा म्हणतो, ‘आई, काहीतरी बरं वाच.’
– एक वाचक, सांगली

उत्तर : कीर्तनात सीतास्वयंवराचं आख्यान लागलं की धनुष्य मोडेल की नाही, याचा घोर कुणालाच नसतो. बुवा कुठे रेंगाळतात, ते ऐकायला माणसं बसलेली असतात. प्रेमकादंबरीचंही तसंच. शेवटाची हमी असते म्हणून तर मधल्या रुसव्यांत आणि गैरसमजांत निर्धास्त रमता येतं.

हे ‘मधलं’ रचणं सोपं नसतं. ना. सी. फडक्यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून कथालेखनाचं तंत्रच मांडलं. त्यांच्या सुखवस्तू नायकांचा मला आज कंटाळा येतो. नायिकेचा नकार म्हणजे लाजणं, असं धरून चालणाऱ्या त्या काळातल्या काही कादंबऱ्या तर मिटून ठेवाव्याशा वाटतात. पण उत्कंठा कशी ताणावी, हे फडक्यांकडूनच शिकावं.

तुमच्या चिरंजीवांचा आक्षेप जुना आहे. ‘कलेसाठी कला’ म्हणणारे फडके आणि ‘जीवनासाठी कला’ म्हणणारे खांडेकर यांच्या वादात मराठी घरांनी खांडेकरांची बाजू उचलून धरली. पुस्तकानं काहीतरी शिकवलंच पाहिजे, असं ठरून गेलं. (खांडेकरांची ‘ययाति’ मात्र अनेकांनी शर्मिष्ठेच्या प्रेमासाठीच वाचली असावी, असा माझा संशय आहे.) कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांना तर कोर्टाची पायरी चढावी लागली. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या ‘शामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते निर्दोष सुटले. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवर आधारलेला ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला आणि तुफान चालला.

मुलांच्या पुस्तकांची गोष्ट थोडी निराळी. मोठा वाचक कंटाळवाणी दोन पानं भिडेखातर सोसतो. मूल सरळ उठून खेळायला जातं. त्यामुळे तिथे लेखकाला पाल्हाळ परवडत नाही. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या भा. रा. भागवतांना वेगवान कथानकाची चांगलीच जाण होती. त्यांचा फुरसुंगीचा बनेश, म्हणजे तुमचा फास्टर फेणे, तोंडच्या एका ‘ट्टॉक’सरशी डोळ्यांसमोर उभा राहतो, त्याच्या वर्णनाला परिच्छेद खर्चावे लागत नाहीत. माधुरी पुरंदरे तर शब्दही स्वतःच लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात. जे चित्रात दिसतं ते वाक्यात पुन्हा सांगत बसत नाहीत. ही काटकसर मोठ्यांसाठी लिहिणाऱ्या फार थोड्यांना जमते.

तेव्हा फेणे खुशाल वाचा, आणि पुढच्या खेपेला पुरंदऱ्यांचं ‘राधाचं घर’ आणा. मुलगा पुन्हा काही बोललाच, तर तेच त्याच्या हातात द्या.